गहाण सुटायच्या आधी

तेरा वर्षं नझीहाच्या घरात मांस शिजलं ते फक्त रविवारी, आणि तेही अर्ध्या किलोच्या वर कधी नाही.

घर सफाक्स शहरात, ग्रेमदा रस्त्याला. दोन खोल्या, वर गच्ची, मागे चार बदामाची झाडं. बँकेनं दिलेल्या कर्जातून घेतलेलं, वीस वर्षांच्या मुदतीनं, महिन्याला तीनशे चाळीस दिनार हप्ता. किल्ली हातात आली त्याच दिवशी नझीहानं नवऱ्याला बजावलं होतं, "शेदली, वीस वर्षं मी त्या बँकेला पोसणार नाही. आधी फेडू आणि मोकळे होऊ."

शेदली वीज कंपनीत मीटर वाचायला दारोदार फिरायचा. लोकांची वीज मोजून मोजून त्याला स्वतःच्या घरातला दिवा डोळ्यांत खुपायचा. हिवाळ्यात तो फ्रीज बंद करी आणि दूध खिडकीबाहेर ठेवी. त्याची बहीण वसीला म्हणायची, "या घरात रात्री पाणी प्यायला उठायचं तर आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो." नवरा-बायको हसायची आणि दिवा बंद करायची. सिगारेट त्यानं कुणी न सांगता सोडली. पाकिटाचे पैसे महिन्याच्या महिन्याला बायकोच्या हातावर ठेवू लागला.

नझीहा उन्हाळाभर बड्या घरांसाठी कुसकुस वळायची. त्या घरच्या सुनांना वर्षाची बेगमी हवी असे, पण परातीसमोर बसायला नको असे. रव्यावर पाणी शिंपडायचं, तळहातानं गोल गोल फिरवत दाणा धरायचा, चाळायचा, वाफवायचा, गच्चीवर चादरींवर वाळवायचा. दिवसाला दहा किलो. त्या पैशातली दमडीही घरात खर्च झाली नाही. सगळा पोस्टाच्या खात्यात. तिचे तळहात जात्याच्या पाळीसारखे खरबरीत झाले होते. लेक सिरीन लहानपणी म्हणायची, "आई, पाठ खाजव, तुझ्या हाताला नखं लागत नाहीत."

तेराव्या वर्षी, मे महिन्यात, खात्यात एकवीस हजार आठशे दिनार जमले. उरलेलं मुद्दल बरोबर तेवढं होतं. सात वर्षं आधी फेडलं तर साडेसहा हजारांच्या वर व्याज वाचणार होतं.

त्याच महिन्यात शेदलीच्या पोटात दुखू लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दवाखान्याच्या बोळात नझीहाला आणि वसीलाला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर हिवाळा. त्या रोगाचं नाव तिथं कुणी तोंडानं घेत नाही. शेदलीला सांगितलं, पोटात व्रण आहे, जपून खा.

जूनच्या सुरुवातीला नझीहा पोस्टातून चेक घेऊन एकटीच बँकेत गेली. खिडकीपाशी रीम बसली होती. शेजारच्या घरातली पोर, नझीहाच्या परातीतला कच्चा कुसकुस चोरून खात मोठी झालेली.

"मावशी, शेदलीकाकांचं आईनं सांगितलं. खरंय का?"

नझीहानं मान हलवली.

रीमनं इकडे तिकडे बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मग आज भरू नका."

"का गं? कमी पडले?"

"नाही, बरोबर आहेत. मावशी, या कर्जावर विमा आहे. हप्त्याबरोबर त्याचेही पैसे जातात. कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याला काही झालं, तर उरलेलं सगळं विमावाले भरतात. घर सुटतं आणि हे तुमचे तुमच्याकडे राहतात." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी बोलले म्हणून कुठं सांगू नका. पण थांबा."

कर्जाचे कागद फ्रेंचमध्ये होते. नझीहाला अरबी अक्षरंच चाळिशीनंतर वाचता यायला लागली होती. आपण दर महिन्याला कशाकशाचे पैसे भरतो ते तिला त्या दिवशी कळलं. चेक पर्समध्येच राहिला.

शेदली बदामाखाली चटईवर पडला होता. "झालं?"

"मोठे साहेब रजेवर आहेत."

"साहेब रजेवर आणि व्याज कामावर," तो म्हणाला. "बरं. पुढच्या आठवड्यात जा."

पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, मशीन बंद होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, कुठलासा दाखला कमी पडतोय. लग्नाच्या बत्तीस वर्षांत ती त्याच्याशी पैशाच्या बाबतीत कधी खोटं बोलली नव्हती. आता जीभ आपोआप वळायची.

वसीलाला तिनं सगळं सांगितलं. वसीला म्हणाली, "रीमचं सोनं होवो! अगं, सिरीनची औषधशास्त्राची दोन वर्षं बाकी आहेत. मोनास्तीरमध्ये खोलीचं भाडं काय, पुस्तकं काय. तुझे हात बघ एकदा. विमा काय फुकट मिळालाय? तेरा वर्षं भरलात. तू चोरी करतेयस का?"

"चोरी नाही."

"मग झालं तर. मी त्याची सख्खी बहीण आहे, मी सांगते. गप्प बस आणि थांब."

नझीहा थांबली. पण थांबणं म्हणजे कशासाठी थांबणं, हे शब्द तिच्या मनात उमटायचे आणि ती परात पुढे ओढून कामाला लागायची.

जुलैच्या एक तारखेला हप्ता गेला. फोनवर निरोप वाजला. ऑगस्टच्या एक तारखेला पुन्हा वाजला. त्या दिवशी शेदलीला बरं वाटत होतं. आठवडाभर पाण्यावर असलेला माणूस जवाच्या सारात भाकरी बुडवून जेवला, ओठ पुसले आणि वाटी पुढे केली. "आणखी दे."

नझीहा सार वाढायला आत गेली. मनात आलं, असा जेवत राहिला तर मार्चपर्यंत टिकेल. म्हणजे आणखी सात हप्ते.

हिशेब झटक्यात झाला, तेरा वर्षांच्या सवयीनं. पळी हातात होती. आपण काय मोजलं ते तिला पळीतलं सार वाटीत पडल्यावर कळलं. तिनं चुलीच्या कट्ट्याला हात टेकला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

"नझीहा! जव पेरायला गेलीस का?"

ती बाहेर आली, वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि बाजूला बघत बसली.

"इकडे बघ," शेदली म्हणाला. "दोन महिने झाले, तू माझ्या कानाशी बोलतेस. तोंडाकडे बघत नाहीस. साहेबांची रजा संपली का?"

तेव्हा तिनं सांगून टाकलं. रीम, विमा, वसीला, सगळं. फक्त डॉक्टरांचं बोलणं तोंडातून निघेना.

शेदलीनं सार संपवलं. मग म्हणाला, "विम्याच्या कागदावर सही कुणाची आहे? तुझ्या बापाची? मला ठाऊक नसेल का? आणि पोटात साधा व्रण असला तर बहीण गळ्यात पडून रडत नाही. वसीला तर आमच्या आईच्या वेळीसुद्धा एवढी रडली नव्हती."

"ठाऊक होतं, तर मग दर आठवड्याला विचारत का होतास?"

"भरावेत असं वाटत होतं म्हणून." त्यानं भाकरीचा चुरा चटईवरून गोळा केला. "माझ्या बापाच्या जनाज्यापाशी इमामानं विचारलं, याच्याकडे कुणाचं काही येणं आहे का? विचारतात तसं. रांगेतून किराणावाला पुढे आला. नव्वद दिनार. मी तिथंच मोजून दिले, पण सगळ्यांनी बघितलं. कर्जातल्या माणसाचा जीव अधांतरी लटकतो म्हणतात. तसं असेल किंवा नसेल. पण तीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहून सांगितलं, बाबांनो, ज्याचं बिल त्यानं भरावं."

"विमाही आपणच भरलाय. तो काही भीक नाही."

"तेही खरंय. म्हणून तर मी जोर केला नाही. सिरीनचा विचार माझ्याही डोक्यात आहे." तो दमला होता. थांबून म्हणाला, "पैसे तुझ्या हातांचे आहेत. तू ठरव. मी रागावणार नाही."

नझीहाला वाटलं, आता गप्प बसावं. पण तिला बसवेना. "आज तू दुसरी वाटी मागितलीस ना. मी मोजलं."

"काय मोजलंस?"

"मार्चपर्यंत सात हप्ते."

शेदली तिच्याकडे बघत राहिला. बदामावर एक होला घुमत होता. मग त्याच्या छातीतून बारीकसं हसू फुटलं.

"दोन हजार तीनशे ऐंशी," तो म्हणाला. "महाग पडतोय की मी."

नझीहानं ओढणीत तोंड खुपसलं. त्यानं तिचा हात ओढून घेतला आणि तो खरबरीत तळवा आपल्या अंगठ्यानं चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच ती दारात होती. रीमनं चेक हातात घेतला, पण शिक्का उचलला नाही.

"मावशी, एकदा भरले की परत नाही मिळत. नीट विचार केलात ना?"

"केला."

"काकांनी सांगितलं का?"

"नाही. त्यानं माझ्यावर सोडलं." नझीहा खिडकीला टेकली. "मी त्याच्या जेवणाचा हिशेब करायला लागले, पोरी. आज तो डोळ्यांसमोर असताना मी हे मोजतेय. तो गेल्यावर हे पैसे घरात राहिले, तर त्यांच्याकडे बघून काय काय मोजीन, देव जाणे. मार शिक्का."

रीमनं शिक्का मारला. नझीहानं सही केली, एकेक अक्षर जोडून, सावकाश. गहाण सुटल्याचा कागद सरकारी कचेरीतून यायला तीन-चार महिने लागतील असं रीम म्हणाली. मग पावतीच्या मागे तिनं आपल्या हातानं अरबीत लिहून दिलं, कर्ज पूर्ण फिटलं, काही बाकी नाही, म्हणजे शेदलीकाकांना वाचता येईल.

शेदलीनं ती पावती चष्मा लावून दोनदा वाचली. घडी केली, उशाखाली ठेवली आणि झोपला. त्या दुपारी तो न कण्हता झोपला.

वसीला चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी भाजीचं पातेलं घेऊन आली, ते आपटून ठेवलं आणि म्हणाली, "विहिरीत टाकले असतेस तर निदान आवाज तरी आला असता! आता सिरीनचं काय? तुझं काय? माझ्या भावानं डोळे मिटल्यावर तू काय ती पावती उकडून खाणारेस?"

नझीहा म्हणाली, "आणखी चार घरांचा कुसकुस घेतलाय."

"या वयात?"

"या वयात."

वसीलानं परातीसमोर बसकण मारली आणि रव्यावर पाणी शिंपडू लागली. दाणा तिला कधीच नीट धरता आला नाही. तिनं वळलेला सगळा कुसकुस नझीहाला रात्री पुन्हा वळावा लागला.

सिरीनला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळचं एका औषधाच्या दुकानात काम बघते. रागावली होती की नाही, ते कळलं नाही. "बाबांना दे," एवढंच म्हणाली. बापलेक कितीतरी वेळ बोलत होती. काय बोलली ते नझीहानं विचारलं नाही.

सप्टेंबर लागला. शेदलीचं जेवण पुन्हा तुटलं. सार पोटात ठरेना. तोंडाला चव नाही म्हणायचा, चमचा बाजूला सारायचा. एका सकाळी रस्त्यावरून निवडुंगाची बोंडं विकणाऱ्याची हाक आली आणि शेदलीनं डोळे उघडले.

"ती खाईन मी."

नझीहा धावत गेली आणि बादलीभर घेऊन आली. गार पाण्यात टाकली, काट्याला हात जपत सुरीनं साल उभी चिरली, आतला केशरी गर त्याच्या ओठाशी धरला. त्यानं खाल्ला. बिया जिभेवर घोळवल्या, गिळल्या.

"गोड आहे," तो म्हणाला. तिनं दुसरं सोललं. मग तिसरं. ऊन बदामाखालून चटईवर आलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. गालफडं बसली होती, दाढीचे खुंट पांढरे झाले होते, ओठाच्या कोपऱ्यात रस उतरला होता. तिनं ओढणीच्या टोकानं तो पुसला.

"आणखी आहेत?" शेदलीनं विचारलं.

तिनं बादलीत हात घातला.