कुलूपवाल्या कोंबडीचा उतारा

मावशी सकाळपासून शाळेच्या फाटकाशी उभी होती. आत तिची भाची शिष्यवृत्तीचा पेपर देत होती, आणि त्या पेपरातला उतारा मावशीनेच लिहिला होता.

परीक्षा मंडळाच्या बंद खोलीत प्रत्येक भाषेचा एकेक जण बसे, मराठीची मावशी. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी आपापल्या भाषेत उतरवायचं. फोन बाहेर, पुस्तकं बाहेर. पोटचं मूल परीक्षेला असेल तर माणूसही बाहेर. भाचीबद्दल नियमात काही नव्हतं. आई गेल्यापासून ती हिच्याच मांडीवर वाढली, हे कोणी विचारलं नाही, म्हणून हिनेही सांगितलं नाही.

ऐन वेळी ठरलेला उतारा कुठल्याशा पुस्तकात छापलेला निघाला. "जेवणाच्या आत नवा द्या. कुठेही न छापलेला," साहेब म्हणाले. मावशीने डोकं खाजवलं आणि पेन जाईल तिकडे जाऊ दिलं. खुराड्याला कुलूप लावून किल्ली विसरणारी कोंबडी कागदावर उतरली. सगळे हसले. सगळ्या भाषांत कोंबडी झाली, पाकिटांना लाख लागली, आणि तेव्हा कुठे हिच्या डोक्यात उजेड पडला. ही कोंबडी कुठे छापलेली नव्हती खरी, पण भाची लहान असताना घास भरवण्यासाठी हिनेच ती रचली होती आणि रोज सांगितली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तिने पाकिटं तशीच जाऊ दिली. नोकरी जाईल, पेपर फोडल्याचा ठपका येईल, पोरीलाही परीक्षेतून काढतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. हिच्या मनात तर भरदुपार होती. त्यात पोरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. "ही तर माझ्या मावशीची गोष्ट" एवढं ती म्हणाली की कारभार आटोपला.

घंटा झाली. भाची मैत्रिणींबरोबर बाहेर आली, आणि बोलणं नेमकं कोंबडीवरच चाललं होतं.

"किल्ली कुठे होती असं लिहिलंस गं तू?" एकीने तिला विचारलं.

भाची बुटाची नाडी बांधायला खाली वाकली, ती मैत्रिणी पुढे जाईपर्यंत वर आली नाही.

कोपऱ्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, तो उतारा तू लिहिलास ना?"

"हळू बोल. कोणाला सांगितलंस का?"

"नाही. त्याचे सगळे प्रश्न मी कोरे ठेवले."

"अगं वेडे, का?"

"मला न वाचताच येत होते. मग ते बरोबर नाही ना? आणि तुला कोणी बोललं असतं."

आता तरी जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. इतके दिवस ती स्वतःच्या जिवाला घाबरत बसली होती, आणि एवढीशी पोर तिच्यासाठी हातातले मार्क सोडून आली होती. मावशीला स्वतःची लाज वाटली. घराकडचं वळण आलं, पण ती वळली नाही.

"कुठे चाललोय आपण?"

"माझ्या ऑफिसात, साहेबांना सगळं सांगायला," मावशी म्हणाली. "मला फार भीती वाटतेय गं. हात सोडू नकोस."