दीड तास आधीचं आकाश

आठवडाभर इराच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. रशियाचं नवंकोरं यान पहिल्यांदाच माणसं घेऊन उडालं होतं आणि काल अवकाश स्थानकाला सुखरूप जोडलं गेलं होतं. आज साडेसातला ते स्थानक यानासकट दुबईतल्या त्यांच्या करामा भागावरून जाणार होतं! बाप-लेक इंटरनेटवर तासन्तास डोकं घालून बसत. शोभनाने काही विचारलं की तेरा वर्षांची लेक म्हणे, "आई, it's complicated." शोभनाला ते फार झोंबे.

आज मात्र नवरा सुरेश हमरियाच्या कारखान्यात अडकला होता आणि इराला उद्या गणिताचा पेपर होता. वेळेवर हाक मारायचं काम आईकडे आलं. मग काय विचारता! शोभनाने अख्ख्या बिल्डिंगला आवतण दिलं, वॉचमन युसुफकडून गच्ची उघडून घेतली आणि दिवाळीच्या चकल्या तळायला घेतल्या.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेसात वाजत आले तशी तिने गॅस बंद केला आणि जिन्यात जाऊन आरोळी ठोकली, "यल्ला, चला वर!"

माणसं पोराबाळांसकट धावली. इरा तर अनवाणीच. घड्याळं होती की मनगटांवर, पण शोभनाच्या आवाजापुढे मनगटाकडे बघायची कुणाची टाप होती? संध्याकाळचा उजेड अजून पुरता विझला नव्हता. एअरपोर्टकडे दिवा लुकलुकला की सगळे ओरडत, "तो बघा!"

"वो तो प्लेन है, भाभी," समोरच्या फ्लॅटमधली सोनम दर वेळी सांगे.

माना दुखायला लागल्या. कुणाचा कुकर, कुणाचा होमवर्क, एकेक जण खाली सटकला. इराचे डोळे भरून आले. "Something's gone wrong, आई. It's only a test flight."

 त्या यानातल्या माणसांची शोभनाला नावंही धड घेता येत नव्हती, पण आता त्यांचीच काळजी लागली.

खाली येऊन तिने पुन्हा गॅस पेटवला, सवयीने घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. हे घड्याळ भारताच्या वेळेवर! माहेरचे फोन, टीव्हीवरच्या मालिका, सगळं या घड्याळावर चालायचं. दुबईत दीड तास कमी असतो हे रोज ध्यानात ठेवणारी बाई आजच उत्साहात विसरली होती.

गप्प बसावं असं क्षणभर वाटलं. पण आत पोर उशीत तोंड खुपसून पडली होती.

"इरा, यानाला काही झालेलं नाही. झालंय ते तुझ्या आईला. इंडिया टाइमवर नेलं मी सगळ्यांना. इथले साडेसात अजून वाजायचेत."

इराने मान वर केली, आईकडे टकामका पाहिलं आणि जी हसत सुटली! "Mamma! You're too much!"

मग शोभनाने दारोदार जाऊन चूक कबूल केली. दुसऱ्या खेपेला दुप्पट माणसं आली. "भाभी, अब पक्का दुबई टाइम ना?" म्हणत सोनमने मनसोक्त पिडलं. सुरेश टायसकट थेट गच्चीवर पोचला.

आणि वायव्येकडून तो ठिपका वर आला. लुकलुक नाही, आवाज नाही, नुसता शुभ्र प्रकाश झपाझप चढत होता. "त्यात माणसं आहेत," शोभना पुटपुटली आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. गच्चीवर शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला! अर्ध्या आकाशात ठिपका विझला तसे सगळे हबकले.

"Relax! पृथ्वीच्या सावलीत गेलं," इरा ओरडली. "दीड तासात अख्खी चक्कर मारतं ते."

"दीड तासात?" शोभनाने विचारलं. "मग इरा, दिवसातून इतक्या वेळा उजाडतं, मावळतं, तर ती माणसं घड्याळ कुठल्या गावाचं लावतात गं?"

 इराने बाबांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले.

"I don't know," ती म्हणाली. मग आईचा तेलकट हात धरून तिला जिन्याकडे ओढत निघाली. "चल ना आई, आपण दोघी शोधू. बाबा, चकल्या तुम्ही बघा."