बंधाऱ्यावरची सोपी वाट

दादाला हृदयविकाराचा झटका आला तो क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून पार वर. तिथून त्याला खाली कसं आणलं, हे त्याचे सोबती अजून रंगवून सांगतात. दादा स्वतः मात्र त्यावर ब्र काढत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचं जग बिछाना, खिडकी आणि जेवणाचं टेबल एवढ्यावर आलं. वहिनी त्याला डोळ्यांत तेल घालून जपायची. तो जिन्यावर दोनदा थांबला, तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

धाकटीला हे बघवत नव्हतं. धाकटी म्हणजे दादाची एकुलती एक बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. लहानपणी डोंगरातल्या वाटांवर दादाची सायकल पुढे आणि हिची मागे, हे ठरलेलं. मोठी झाली तरी सुट्टी मिळाली की दोघं माउंटन बाइक घेऊन पसार व्हायची. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा सांगितलं, "आता हळूहळू सायकल चालवायला हरकत नाही, फक्त चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागली की उतरायचं," तेव्हा दादापेक्षा हीच जास्त हरखली.

डोंगराचं नावही काढायची सोय नव्हती. शहराबाहेर एक राखीव पाणथळ होतं. त्याला वेढा घालून एक मातीचा बंधारा जात होता. चढ नाही, उतार नाही, रहदारी तर नाहीच. सुट्टीच्या दिवशी धाकटी एकटीच जाऊन ती वाट पाहून आली. वाळूचा पट्टा लागला तिथे चाक रुतू नये म्हणून टायरमधली थोडी हवा काढून पाहिली. बसायला कुठे सावली आहे, बाक कुठे मोडका आहे, सगळं हेरलं. एका ठिकाणी वनरक्षक बाईंनी तिला हात करून थांबवलं.

"इथून पुढे खाली उतरून चालायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "टिटव्यांनी वाटेलगतच अंडी घातलीत. घंटी वाजवू नका, वाट सोडू नका."

"आणि पुढे तो लाकडी पूल दिसतोय, त्याच्यापलीकडे?"

"पलीकडे मोकळं आहे. जा की. पण तिकडे आमची गाडीसुद्धा जात नाही, पूल अरुंद आहे."

रात्रीच्या जेवणानंतर धाकटीने टेबलावर बेत मांडला. ताटली म्हणजे पाणथळ, चमचे म्हणजे बंधारा, मिठाची बाटली म्हणजे पूल.

"इथे गाडी लावायची. इथे पहिली विश्रांती. इथे टिटव्या, म्हणजे ढकलत जायचं..."

"ढकलत?" दादाने नाक मुरडलं. "ढमे, ही सायकलची फेरी आहे की म्हाताऱ्यांची सहल?"

"म्हाताऱ्यांचीच. तू काय स्वतःला समजतोस?"

दादा हसला. बऱ्याच दिवसांनी असा मोकळा हसला. वहिनी हसली नाही. तिने मिठाच्या बाटलीवर बोट ठेवलं.

"इथे पलीकडे काही झालं, तर गाडी येते का?"

धाकटीने चमचा उगाच सरळ केला. ही गोष्ट तिने सांगायची टाळली होती. पण वहिनीच्या तोंडावर खोटं बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"नाही येत."

आता वहिनी बेत मोडीत काढणार, अशी दोघांनी मनाची तयारी केली. पण वहिनी म्हणाली, "मग मीही येते."

"तू?" दादा उडालाच. "तुला सायकल येते?"

"लग्नाआधी मी कामाला सायकलवरच जात होते. तुम्ही कधी विचारलंत?"

रविवारी सकाळी तिघं निघाली. वहिनी धाकटीच्या जुन्या सायकलवर सुरुवातीला अशी काही डुगडुगली, की दादाच काळजीने घामाघूम झाला. पण वळण ओलांडेपर्यंत तिचे पाय लयीत आले. दादाचा गिअर बदलायचा हात अजून बसलेला होता. वाटेत तो अखंड बडबडत होता, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून की खुशीत होता म्हणून, कळायला मार्ग नव्हता. दोन्ही अंगांना लव्हाळी, मध्येच चकाकतं पाणी, एखादा बगळा एका पायावर. टिटव्यांच्या पट्ट्यात तिघंही उतरली. एक टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली. दादा मान खाली घालून, सायकल अगदी कडेने ढकलत तिथून गेला.

पुलापाशी धाकटीने पाण्याची बाटली काढली. "आता पलीकडचं अर्धं. झकास आहे."

दादाने पुलाकडे पाहिलं. "इथून परत फिरू."

"दमलास?" तिने पटकन बाटली पुढे केली.

"नाही. उलट छान वाटतंय."

"मग? एवढं आल्यावर..."

"दमल्यावर परत फिरणं कुणालाही जमतं, ढमे. मला न दमता परत फिरायचं शिकायचंय." तो वहिनीकडे न बघता पुढे म्हणाला, "आणि ही कधीपासून श्वास रोखून बसलीय."

वहिनी तोंड फिरवून पाण्याकडे बघत राहिली.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. परतताना ती मुद्दाम मागे राहिली. समोर दोघं शेजारी शेजारी चालली होती. दादा वहिनीला गिअर समजावत होता आणि ती त्याला टोकत होती. तेव्हा कुठे धाकटीच्या ध्यानात आलं, की आपण जी वाट शोधली, हवा काढली, बाक मोजले, ते सगळं त्याच्यासाठी होतं हे खरं. पण पूर्ण फेरी हवी होती ती आपल्याला. दादाने एकदा फेरी पुरी केली असती, तर काही झालंच नव्हतं, असं म्हणता आलं असतं. तो मात्र झालेलं मान्य करून मोकळा झाला होता. आपणच मागे राहिलो होतो.

पुढे काही आठवड्यांनी ती दादाकडे गेली, तर दारात दादाची आणि तिने वहिनीला देऊन टाकलेली, अशा दोन्ही सायकली चिखलाने माखलेल्या.

"कुठे जाऊन आलात?"

"पलीकडे," वहिनी आतून म्हणाली. "पूर्ण फेरी. वाटेत चारदा थांबलो, पण झाली."

"मला नाही सांगितलंत?"

दादा ओशाळला. "अगं, तुला सांगितलं असतं तर तू आधी जाऊन वाट बघून आली असतीस."

धाकटीला क्षणभर लागलं. मग ती बाहेर गेली, बादली भरून घेतली आणि वहिनीच्या सायकलची साखळी पुसायला बसली.