बिनफोनची संध्याकाळ

त्या घरात बोलण्याचा एक नियम होता. आधी चेहरा दाखवायचा, मग तोंड उघडायचं. पाठमोऱ्या माणसाचं बोलणं तिथे जमेस धरलं जात नसे, मग तो कितीही घसा फोडून ओरडो. कारण बाबा बहिरे होते. उभी हयात त्यांनी कापडाच्या कारखान्यात माग चालवले आणि मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान थोडे थोडे करत पार नेले. पण त्या खडखडाटातच ते एक विद्याही शिकले होते. तिथे कुणालाच काही ऐकू येत नसे, म्हणून सगळे विणकर एकमेकांचे ओठ वाचत. या मागावरून त्या मागावर थट्टामस्करी चाले, भांडणं होत, एकदोन लग्नंसुद्धा जुळली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. कान पुरते गेले तेव्हा बाबा म्हणाले होते, जाऊ देत, तसाही मला त्यांचा फारसा उपयोग नव्हता.

आई होती तोवर नियम कडक होता. मुलींपैकी कुणी खाली मान घालून पुटपुटली की आई हनुवटीला धरून तोंड वर करायची. मग थोरली लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आई देवाघरी गेली, आणि घरात उरले बाबा आणि धाकटी. नियम तसाच राहिला, पण त्याची राखण करणारं कुणी राहिलं नाही.

धाकटी वाईट मुलगी होती असं कुणी म्हणू नये. ती बाबांचं सगळं वेळेवर करायची, त्यांच्यासाठी तिने लांबची चांगली नोकरीही सोडली होती. आता ती गीझरच्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या कामावर होती. दिवसभर कानावर हेडफोन चढवून परक्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि गोड आवाजात म्हणायचं, तुमची अडचण मी समजू शकते. संध्याकाळी घरी आली की ती सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसायची आणि फोन काढायची. जरा पाच मिनिटं डोकं हलकं करू म्हणून. ती पाच मिनिटं जेवणाच्या वेळेपर्यंत पुरायची. कुणी अनोळखी बाई स्वयंपाकघरातले डबे पुन्हा लावते आहे, कुणाची मांजर पडद्यावर चढते आहे, दोन माणसं कुठल्याशा गोष्टीवरून हमरीतुमरीवर आली आहेत. त्यातलं काही तिच्या कामाचं नव्हतं आणि उठताना काही आठवतही नसे.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. कळतं पण वळत नाही, त्यातली गत. तिने वेळ संपली की फोन बंद करणारी सोय लावून पाहिली, आणि ती सोय बंद कशी करायची हेही त्याच दिवशी शिकली. फोनचे रंग काढून तो करडा केला, तर करड्या मांजरीही पाहण्यासारख्या वाटू लागल्या. फोन पिठाच्या डब्यात ठेवला, तर हात पिठाचे करून बसली. चार दिवस नीट जात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी तिला एक गट सापडला. फोन कमी करू पाहणाऱ्या लोकांचा गट, आणि भरायचा कुठे, तर फोनवर. दारूबंदीची सभा गुत्त्यात भरावी तसा प्रकार. तिथे रोज संध्याकाळी प्रत्येकाने लिहायचं की आज मी फोनपासून किती दूर राहिलो, आणि बाकीच्यांनी त्याचं कौतुक करायचं. धाकटी त्या कौतुकात छान रमली. इतरांचे विजय वाचता वाचता तिची संध्याकाळ जाऊ लागली. मनातून ती स्वतःला सुधारलेली समजत होती.

या सगळ्यात बाबांचं एक नवीनच सुरू झालं होतं. त्यांना काही लक्षात राहीनासं झालं. मंगळवारी नळवाला येणार म्हणून सांगितलं तर दारच उघडलं नाही. भात लावू नका म्हटलं तर लावून ठेवला. धाकटीने थोरलीला कळवलं की बाबा आता विसरायला लागलेत. बाबांनाही ती म्हणायची, बाबा, तुम्ही विसरता हो हल्ली. हे मात्र ती त्यांच्या समोर उभी राहून, चेहऱ्याकडे पाहून म्हणायची, कारण तेव्हा तिला राग आलेला असायचा.

शिवाय त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. थोरली फोनवर समोर दिसायची, तर बाबा म्हणायचे, हिचं तोंड धुक्यात आहे. बाकीच्यांना मोतीबिंदू म्हणजे डोळ्यांचं दुखणं. बाबांचे कान म्हणजे त्यांचे डोळेच, ते गेले की सगळं जग मुकं होणार होतं. ही भीती त्यांनी एकदाच बोलून दाखवली, भाजी निवडताना, आणि लगेच विषय बदलला. धाकटीने मग धावपळ करून ऑपरेशनची तारीख मिळवली.

डोळ्याचं ऑपरेशन साधारण डोळ्यापुरती भूल देऊन करतात. बाबांच्या बाबतीत ते चालणार नव्हतं. चेहऱ्यावर हिरवं कापड टाकलं की त्यांना कुणाचे ओठ दिसणार नाहीत, मग हलू नका म्हणून सांगणार कसं? डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल देऊ. भूल देणारा डॉक्टर त्या दवाखान्यात अधूनमधूनच यायचा, त्यामुळे ही तारीख चुकवून चालणार नव्हतं.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही, आजोबांना नीट समजावून सांगा. धाकटी हो हो म्हणाली. त्या वेळी ती गटासाठी लिहीत होती. बाबा समोर खिडकीपाशी बसून उद्यासाठी बुटांना पॉलिश करत होते, आणि त्यांना तसं बसलेलं पाहून तिला मजकूर सुचला होता. आज बाबांबरोबर बिनफोनची संध्याकाळ, असं तिने लिहिलं. आम्ही दोघं, दोन कप चहा आणि पोटभर गप्पा. 'पोटभर' चांगलं की 'मनसोक्त', यावर ती थोडा वेळ अडली. मध्येच आठवण होऊन ती म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी काही खायचं-प्यायचं नाही बरं का." डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला बाबांची मान हलताना दिसली. ब्रश चालवताना कुणाचीही मान हलते. तिने ती होकारात धरली आणि 'मनसोक्त' लिहून टाकलं.

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे पहाटे उठले. पहिल्या पाळीची सवय, ती काही सुटत नाही. धाकटी उठली तेव्हा ते आंघोळ करून, चकचकीत बूट घालून दाराशी बसले होते.

दवाखान्यात त्यांना खाटेवर बसवलं, हिरवा झगा दिला. धाकटी शेजारच्या खुर्चीत बसली. तिचा फोन सारखा थरथरत होता. रात्रीच्या मजकुरावर लोक तुटून पडले होते. किती भाग्यवान बाबा, असं एकीने लिहिलं होतं. दुसऱ्याने लिहिलं होतं, तुमच्या बाबांना आमचा नमस्कार सांगा. तेवढ्यात नर्सने विचारलं, आजोबांनी सकाळपासून काही घेतलंय का? धाकटी मान वर न करता म्हणाली, "नाही, काहीच नाही."

नर्स मुरलेली होती. तिने तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढला, बाबांच्या समोर वाकली आणि सावकाश तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"घेतलं की," बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या खोलीला ऐकू गेला. "दुधाचा चहा घेतला, बिस्किटं खाल्ली. ऑपरेशन म्हटल्यावर पोटाला आधार नको?"

नर्सने धाकटीकडे एकदा पाहिलं, मग तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने तोंड दुसरीकडे वळवलं, ते धाकटीला जास्त लागलं.

डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन छातीत उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आज काही करता येणार नाही. पुढची तारीख दोन-अडीच महिन्यांनी मिळेल, तोवर नजर आणखी मंद होईल, त्याला इलाज नाही. मग त्यांनी धाकटीला विचारलं, काल तुम्हाला फोन केला होता ना, तुम्ही यांना सांगितलं नव्हतं का?

धाकटीने तोंड उघडलं. पण बाबांची नजर डॉक्टरांच्या ओठांवर होती आणि उत्तर त्यांनीच आधी दिलं.

"सांगितलं असणार हो तिने. माझ्याच लक्षात राहिलं नाही. हल्ली मी विसरतो. पोरीचा काही दोष नाही."

त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं. सगळे समोर होते, आणि वाक्य चार शब्दांचं होतं. धाकटी गप्प बसली. डॉक्टरांनी सहानुभूतीने मान हलवून विसरण्याच्या आजाराची तपासणीही करून घ्या म्हणून सुचवलं, तेव्हाही ती गप्प बसली. एवढंच नाही, तिने मानही डोलावली. बाबा झगा काढून आपले कपडे चढवत होते आणि त्यांच्या बाहीची गुंडी त्यांना सापडत नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येईपर्यंत तिने मनाशी एक गोष्ट रचली होती. बाबांना सगळं ठाऊक होतं, लेकीची अब्रू झाकण्यासाठी ते चारचौघांत खोटं बोलले. ही गोष्ट तिला रडवत होती आणि थोडा दिलासाही देत होती. आपल्यावर इतकी माया आहे म्हटल्यावर आपण अगदीच टाकाऊ नसणार. एकदा तिच्या मनात असंही आलं की हे सगळं गटात प्रामाणिकपणे लिहून टाकावं. दोन ओळी तिने दारातच लिहिल्या. मग बूट काढायला वाकलेले बाबा तिला समोर दिसले, आणि आपण पुन्हा तेच करतोय हे ध्यानात येऊन तिला स्वतःची किळस आली. फोन तिने आतल्या खोलीत पलंगावर टाकला आणि बाबांच्या समोर येऊन बसली.

"बाबा, माझ्यासाठी खोटं का बोललात?"

बाबांनी भुवया उंचावल्या. "खोटं कुठे बोललो? तू सांगितलंच असशील. मी विसरतो, हे तूच म्हणतेस ना."

धाकटीने विचारलं, काल संध्याकाळी तुम्ही बुटांना पॉलिश करत होतात तेव्हाचं काही आठवतं का. बाबांना सगळं आठवत होतं. कुठली डबी उघडली, ब्रशचा कुठला केस तुटला, खिडकीखालून कोण गेलं.

"तुझं तोंड हलताना दिसलं मला," ते म्हणाले. "पण तू त्या फोनमध्ये बघून बोलत होतीस. मग मी नजर फिरवली."

"का?"

"आमची मागावरची रीत होती ती. तिथे कुणाचंही बोलणं कुणालाही दिसायचं. म्हणून जे आपल्याशी नाही, ते वाचायचं नाही. दिसतंय म्हणून बघत बसला तर त्याला आम्ही चोर म्हणायचो." बाबांनी मोजे घडी करून बुटात ठेवले. "तुझी माणसं असतात ना त्यात. तू त्यांच्याशी बोलतेस. मी कशाला मध्ये बघू? रोजच फिरवतो नजर."

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. असता तर धाकटीने भांडून तरी घेतलं असतं. नळवाला आठवला, भात आठवला, थोरलीला फोनवर सांगितलेलं सगळं आठवलं. ती सोफ्यावरून बोलत राहिली होती आणि हा माणूस सभ्यपणे खिडकीबाहेर पाहत राहिला होता. वर डोकं बिघडल्याचं तिने त्याला पटवून दिलं होतं, आणि त्याने ते मुकाट्याने मान्यही केलं होतं.

"तुम्ही विसरत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. कधीच नीट सांगत नव्हते."

बाबा डोळे बारीक करून पुढे वाकले. दिवस ढगाळ होता आणि खोलीत उजेड कमी होता.

"धूसर दिसतंय," ते म्हणाले. "खिडकीपाशी ये आणि परत म्हण."

बाबा खिडकीपाशी जाऊन बसले, तीही गेली. बाबांच्या पुढ्यात गुडघे टेकून तिने एकेक शब्द सुटा करून तेच पुन्हा म्हटलं. ते तिच्या ओठांकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतला तो दुधी ठिपका तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत होता, आणि तो आता आणखी दोन-अडीच महिने तिथेच वाढणार होता. बाबांचे ओठ तिच्या ओठांबरोबर हलले, पण तिसऱ्या-चौथ्या शब्दावर थांबले.

"नाही गं, पुढचं नाही लागलं," ते ओशाळून म्हणाले. "माझंच चुकतंय काहीतरी. परत म्हण."