प्रसादाच्या आधी

राणीच्या भावाचं, पप्पूचं लगीन झालं ते साल २०२३. त्या साली राणी सांगलीला रक्त तपासायचा कोर्स शिकत होती. कॉलेज म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरच्या चार खोल्या. लग्नासाठी ती म्हसवडला आली, तेव्हा आजीच्या, रंगुबाईच्या पायाचा अंगठा तिनं पाहिला. मेंढरांमागं जाताना काटा मोडलेला. कधीचा तो काटा, पण जखम अजून ओलीच.

लग्नाची गडबड सरल्यावर एका सकाळी तिनं आजीचं बोट टोचलं. यंत्रावर साखरेचा आकडा भलताच वर दिसला.

"आज्जे, काय खाल्लंस का?"

"न्हाई गं. आताच देवळातनं आले. गूळ-खोबरं तेवढं."

"मग उपाशी कुठं?"

"देवाच्या प्रसादाला कोण खाणं म्हणतंय व्हय? उपासाला बी चालतोय त्यो!"

राणीनं सांगलीला सरांना फोन लावला. त्यांनी पहिलं विचारलं, "बोट धुतलं होतंस?" धुतलं नव्हतं. बोटाला गूळ लागलेला असला तर यंत्र त्या गुळाचीच साखर मोजतं. "तो आकडा धरू नको," सर म्हणाले. "पण जखम न भरणं बरं नाही. उद्या परत बघ."

आता रंगुबाई सिद्धनाथाचं दर्शन झाल्याबिगर कुणाला हात लावू देत नसे, आणि प्रसाद हातावर पडला की तोंडात. बाप अर्जुना म्हणाला, "नाद सोड. म्हातारी देवाचं ऐकंल, तुझं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आजीच्या आधीच राणी देवळाच्या दारात तांब्याभर पाणी घेऊन बसली.

"राणे, देवाच्या दारात रगात काढतीस?"

"दाराभाईर हाय मी. हात धू."

"लोकं बघाय लागल्यात की गं!"

"बघू देत. त्यांचं बी काढते."

रंगुबाईला हसू फुटलं आणि हसता हसता दर्शनाआधीच हात धुऊन तिनं बोट पुढं केलं. आकडा कालच्यापेक्षा खाली होता, पण चांगला नव्हता.

 त्याच दिवशी अर्जुनानं आईला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी अंगठा काढला, पाय राखला. राणी पास होऊन तिथंच एका लॅबमध्ये लागली. म्हातारीनं गोळ्या घेतल्या, प्रसाद मात्र सोडला नाही.

रंगुबाई २०२५ च्या वैशाखात, दुपारच्या झोपेत वारली.