थांबालखुलची सव्वीस नावं

आमच्या निर्वासित छावणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता एकोणचाळीस अंश तापमान असतं. मी सलग अकरा दिवस मोजलं आहे. त्याच शेडमध्ये एकशे बारा पुस्तकं आहेत आणि तीन ते पाच वर्षांची सव्वीस मुलं. कागदावर मात्र तिथे एकही मूल नाही.

मुलं सगळी आमच्या थांबालखुलची. दोन वर्षांपूर्वीच्या दंगलीत गाव जळालं. आता तिथे जवानांची चौकी आहे आणि आम्हाला जायची बंदी. तेव्हा मी इंफाळला वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. निकाल छावणीत कळला. मग कुठून कुठून पुस्तकं गोळा केली आणि मुलं मला ओजा म्हणू लागली, म्हणजे बाई. शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात माझी आत्या इबेतोन, मी तिला इने म्हणते, अंगणवाडी चालवते. गावातही तीच चालवायची. आग लागली तेव्हा तिने घरातून फक्त हजेरीपट उचलला. "मी दारात उभा होतो, पण हिने वही उचलली," असं तिचा नवरा अजून सगळ्यांना सांगतो.

मे महिन्यात रोमिता मॅडम आल्या. अंगणवाड्या त्यांच्या अखत्यारीत येतात.

"मुलांची नावं इथे, छावणीच्या केंद्रात चढवा," त्या म्हणाल्या. "निदान वीस. शुक्रवारपर्यंत झालं नाही तर शेड तांदळाच्या गोदामाला जाईल. आणि मुलांना अंडी मिळणार नाहीत."

मी त्या संध्याकाळीच सव्वीस फॉर्म भरले. नाव, वय, वजन, दंडाचा घेर. मोजमापं माझीच होती, दशांशापर्यंत. फक्त आयांच्या सह्या राहिल्या होत्या.

एकीनेही सही केली नाही. कुणाला कपडे धुवायचे होते, कुणाला चष्मा सापडत नव्हता. चौथ्या दिवशी मी बिलासिनीवर घसरले. ती मला थोरल्या बहिणीसारखी.

"इचे, तुझ्या लांचेनचा दंड बारा पूर्णांक एक सेंटिमीटर आहे. साडेबाराच्या खाली म्हणजे कुपोषण. अंडी नकोत का तुला?"

"त्याचा दंड मला रोज दिसतो," ती म्हणाली. "तू टेप आणायच्या आधीपासून."

इनेने माझ्या हातातला फॉर्म घेऊन उलटा केला. "मागची बाजू वाचलीस, पोरी?"

नव्हती वाचली. प्रयोगशाळेत लेबल वाचल्याशिवाय मी कधी बाटलीचं बूच काढलं नाही, आणि इथे सव्वीस फॉर्म भरून मोकळी झाले होते. मागे सातवा रकाना होता, बारीक अक्षरात: मूळ केंद्रातून नाव कमी करण्यास संमती.

"पण मूळ केंद्र आहे कुठे, इने? भिंतीसुद्धा नाहीत."

"हजेरीपट आहे ना. त्यात मुलं शून्य झाली की केंद्र बंद. मग शाळा बंद. मग कुणीतरी लिहील, थांबालखुलला वस्ती नाही. त्यानंतर परत जायचं म्हटलं तर विचारतील, कुठल्या गावाला?"

मला चार दिवसांत पहिल्यांदा योग्य माणसांचा राग आला. मुलाचं पोट की मुलाचं गाव, एक काहीतरी ठेवा, असं हा फॉर्म काढणारे आयांना सांगत होते. तेही कागदाच्या मागच्या बाजूला, माझ्यासारखी कुणी घाईत भरेल अशा बेताने. आणि तो फॉर्म दारोदार घेऊन मीच हिंडत होते.

रात्रीत सगळ्या फॉर्मांवरचा सातवा रकाना मी पट्टीने खोडला. सकाळी सव्वीस सह्या झाल्या.

शुक्रवारी मॅडमनी वरचा फॉर्म उलटून पाहिला आणि गठ्ठा परत केला. "खाडाखोड चालत नाही."

"मग तसं लिहून द्या," मी म्हटलं. "गाव सोडल्याशिवाय मुलाला अंडं नाही, असं."

"मी कशाला लिहू? तो नियम आहे."

"नियम असेल तर लिहायला काय हरकत आहे?"

"तू शिकलेली मुलगी. यांना समजावायचं सोडून..."

"तिला आम्हीच समजावलं, मॅडम," बिलासिनी म्हणाली. "चार दिवस लागले. शिकलेली आहे ना."

मॅडमनी बरोबरच्या दोघांना पुस्तकांचं कपाट बाहेर काढायला सांगितलं. तेवढ्यात इनेने दारात चटई टाकली. आमच्याकडे बायका बसल्या की घोषणा द्याव्या लागत नाहीत. एक बसली की दुसरी येते. बाराच्या सुमाराला त्रेचाळीस जणी होत्या, मांडीवर मुलं, मुलांच्या हातात पुस्तकं. कुणीतरी कोबी आणि कमळाच्या देठांची सिंजू कालवून आणली. कपाट धरून उभ्या असलेल्या दोघांनाही दिली. त्यांनी कपाट खाली ठेवून ती खाल्ली.

मॅडम गाडीत बसून फोनवर बोलत होत्या. साडेतीनला त्या उतरल्या, गठ्ठा मागितला आणि पोचपावतीवर लिहिलं: सातवा रकाना वगळून स्वीकारले.

"तारीख घाला," इने म्हणाली.

त्यांनी घातली.

त्याला एकोणीस दिवस झाले. शेड आमच्याकडेच आहे. सव्वीस नावं गावाच्याही हजेरीपटावर आहेत. अंडी आलेली नाहीत. मी तीनदा फोन केला. फॉर्म तपासणीत आहेत, एवढंच सांगतात. सव्वीस कागद तपासायला किती दिवस लागतात, हे कुणी सांगत नाही.

उद्या सकाळी आम्ही मॅडमच्या ऑफिसला जाणार आहोत. मुलं, पुस्तकं आणि चटया घेऊन. चटया जरा जास्तच घेतल्या आहेत.