धुळ्यात एक खोली मिळेल का?

मी मोटारसायकल बोलतेय. असोद्याला सुपडू नानांच्या ओट्यापुढे उभी असते, डाव्या आरशाला तडा गेलेली, तीच मी. जळगावच्या शोरूममध्ये गळ्यात हार पडला, आणि तेव्हापासून खताच्या गोण्या, केळीचे घड, पाहुणे, जे लादलं ते वाहिलं. रस्ते मला कळतात. माणसं अजून नीटशी कळलेली नाहीत.

गेल्या वर्षी नानांच्या सुनेची, मयुरीची, धुळ्याला पोलीस भरतीची धाव होती. तिचा नवरा, नानांचा मुलगा नवीन, सुरतेला कामाला. त्याला सुट्टी मिळेना. पहाटेच मैदानावर हजर व्हायचं, म्हणून आदल्या दुपारी निघून एखाद्या स्वस्त लॉजवर उतरायचं ठरलं.

"नाना, मोबाईलवर पाह्यला मी. स्टँडजवळच हाये," मयुरी म्हणाली.

एरंडोल गेलं, पारोळा गेला, धुळं आलं. मोबाईलमधली बाई उजवीकडे वळा, डावीकडे वळा म्हणत राहिली आणि शेवटी म्हणाली, तुमचं ठिकाण आलं. समोर फरशीचं दुकान! लॉज केव्हाच बंद पडला होता. मग हे त्या बाईला कोणी सांगितलं कसं नाही?

दुसऱ्या लॉजवर पाटीवर एक भाव, आत दुसरा. "भरती आहे ना, काका," एवढंच उत्तर.

तिसऱ्या ठिकाणी मॅनेजरने दोघांची आधार कार्डं पाहिली. मयुरीच्या कार्डावर अजून माहेरचंच नाव.

"नातं काय?"

"सून माझी," नाना म्हणाले.

मॅनेजर जरासा हसला. "सासरा-सून एका खोलीत? नाही जमणार."

नाना कानापर्यंत लाल झाले. "मग खोली तिले द्या. मी बाहेर गाडीपाशी झोपतो."

"एकट्या बाईला आम्ही देत नाही."

मी दारात उभी राहून ऐकत होते. दोघं आहेत म्हणून खोली नाही, आणि एकटी आहे म्हणूनही नाही. मग हे लॉज बांधतात तरी कोणासाठी?

दिवस कलला. नाना मला फिरवत राहिले. गल्ल्या त्याच त्याच येत होत्या. शेवटी पारोळा रोडला शहराबाहेर एक छोटं हॉटेल दिसलं, वर दोन-तीन खोल्या. गल्ल्यावर धनसिंग नावाचा मालक होता, बाजूला त्याची बायको दिपमाला मेथी निवडत बसली होती.

"कोन शे ही तुमनी?" धनसिंगने विचारलं.

नानांनी तोंड उघडायच्या आत मयुरी म्हणाली, "लेक."

धनसिंगने चावी पुढे केली. नानांनी ती घेतली नाही.

"लेक नाही, सून हाये. दुपारपासून हिच्यासाठी खोली पाहून ऱ्हायलो," ते म्हणाले. मग मयुरीकडे वळले. "खोटं नको बोलू, माय. पोलिसात चालली ना तू?"

मला काही समजेना. हातात आलेली खोली कोणी अशी घालवतं का? मयुरीचे डोळे भरून आले. धनसिंग चावी धरून तसाच थांबला.

दिपमालाने मेथी बाजूला सारली. "सूनकरता इतला फिरनारा सासरा मी आजवर देखा नही," ती नवऱ्याला म्हणाली. "पोर मनाजोडे झोपी. यासले भायेर खाट टाकी दे."

मयुरी दिपमालाजवळ झोपली, खोली कोणी उघडलीच नाही. नाना माझ्या शेजारी खाटेवर आडवे झाले. चांगले घोरले.

दुसऱ्या दिवशी मला मैदानात सोडलं नाही. शिट्ट्या ऐकू आल्या, ओरडा ऐकू आला. मयुरी बाहेर आली ती रडत आणि हसत. पास झाली की नापास? नानांनी विचारलंच नाही. "पाणी पी आधी," म्हणाले.

पुढे निकाल लागला, तेव्हा थोडक्यात राहिली असं कळलं.

आता पुन्हा भरती आहे. रोज पहाटे मयुरी असोद्याच्या रस्त्यावर धावते आणि नाना मला पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागून हळूहळू आणतात. उजेड माझा, रस्ता तिचा. इंजिन तापतं. गाडीने माणसाच्या मागून चालायचं, हे मला कुठल्याच कारखान्यात शिकवलेलं नव्हतं. पण मी चालते.

कधी पहाटे त्या रस्त्याने आलात, तर एवढंच करा. हॉर्न वाजवू नका. बाजूने जा.